मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवायचं, तर आधी मी कुठे शिकू?

पळसफूल

नमस्कार मंडळी. मी दारव्ह्याजवळच्या एका गावात राहते. एम.ए. इंग्रजी, बी.एड. झालंय आणि नऊ वर्षं आठवी ते दहावीला शिकवते आहे. मागच्या दिवाळीनंतर आमच्या बचत गटातल्या बायका म्हणाल्या, "मॅडम, पोट्ट्यायले शिकवता, मंग आमालेई शिकवा ना इंग्रजी." समाजमंदिरात रात्री आठ ते नऊ वर्ग सुरू केला. पहिल्या दिवशी एकोणीस जण आले. बहुतेक तिशी ते पंचावन्नच्या बायका, दोन जिनिंगवर काम करणारी मुलं आणि एक स्पेअर पार्टच्या दुकानातला दादा.

मी शाळेत शिकवते तसंच शिकवलं. काळाचा तक्ता फळ्यावर, मग वाक्यं, मग उभं राहून वाचन. तीन आठवड्यांत सहा जण उरले.

एक प्रसंग डोक्यातून जात नाही. एका मावशींना मी उभं केलं, वय बावन्नच्या आसपास. त्यांनी 'नाइफ' हा शब्द 'कनाइफ' वाचला. मी "चूक" म्हटलं आणि पुढच्या बाईला उभं केलं. मावशी पदर सारखा करून बसल्या आणि दुसऱ्या दिवसापासून आल्याच नाहीत. नंतर आठवडी बाजारात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "पोरी, मले लाज वाटली. माही सून समोर बसली होती."

बी.एड.मध्ये मला तेरा वर्षांच्या मुलाबद्दल सगळं शिकवलं होतं. सुनेसमोर बसलेल्या सासूबद्दल काहीच नाही. आता मला हे नीट शिकायचं आहे. सेल्टा, इग्नू, हैदराबादची संस्था, ऑनलाइन सर्टिफिकेट अशी नावं ऐकली आहेत. खर्च पंचवीस-तीस हजारांपर्यंत झेपेल. मुलगा चौथीत आहे, त्यामुळे महिनाभर घर सोडता येणार नाही. कोणी केलं असेल तर मनापासून सांगा.

वऱ्हाडी_कास्तकार

ताई, कोर्स मागून पाहू. पयले त्या मावशीच्या घरी जा.

खिडकीतली_जागा

मी सेल्टा केला आहे, लॉकडाऊननंतर, पूर्ण ऑनलाइन. तुमची पोस्ट वाचून माझे ते दिवस आठवले.

हा केंब्रिजचा कोर्स. नावातला शेवटचा 'ए' मुळात 'अडल्ट्स'साठीच होता, म्हणजे तुमचा प्रश्न हाच त्याचा मूळ विषय. किमान १२० तासांचा अभ्यास, चार लेखी असाइनमेंट, सहा तास अनुभवी शिक्षकांचे वर्ग बघणं आणि सहा तास स्वतः शिकवणं. ते सहा तास खऱ्या, मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांना शिकवायचे असतात आणि मागे बसून कोणीतरी प्रत्येक मिनिट लिहून घेत असतं. पूर्णवेळ केला तर चार-पाच आठवडे, अर्धवेळ केला तर काही महिने. प्रवेशाआधी एक लेखी काम आणि मुलाखत होते. फी मात्र लाखाच्या वर जाते. तुमच्या बजेटात बसणार नाही, हे आधीच सांगते.

पण त्यातून मिळालेल्या दोन गोष्टी इथे फुकट देते.

पहिली: "समजलं का?" हा प्रश्न कायमचा सोडा. मोठा माणूस नेहमी "हो" म्हणतो, कारण "नाही" म्हणण्यात त्याचा मान जातो. त्याऐवजी असं काही विचारा की उत्तरातून समजलं की नाही ते आपोआप दिसेल. याला तिथे सीसीक्यू, म्हणजे 'कन्सेप्ट चेकिंग क्वेश्चन', म्हणतात. 'बॉरो' आणि 'लेंड' शिकवलं, की विचारायचं, "मी शेजारणीकडून विळा आणला. विळा कोणाचा? परत द्यायचा का? आता कोणाकडे आहे?" बस.

दुसरी: सूचना आधी, कागद नंतर. हातात कागद पडला की कोणी ऐकत नाही, सगळे कागद बघतात. माझ्या पहिल्या तासाला मी आधी कागद वाटले आणि मग पाच मिनिटं एकटीच बोलत राहिले. तासानंतर ट्यूटरने एवढंच विचारलं, "त्या पाच मिनिटांत विद्यार्थी काय करत होते?" त्या रात्री मी रडले, पण दुसऱ्या तासाला तीच गोष्ट दोन वाक्यांत सांगितली.

संत्र्याची_फोड

ऑनलाइन सर्टिफिकेटबद्दल माझा अनुभव. एका कंपनीचं '१२० तास' लिहिलेलं सर्टिफिकेट मी सवलतीत घेतलं. व्हिडिओ बघायचे आणि बरोबर उत्तरावर टिचकी मारायची. अकरा दिवसांत संपलं. व्याकरणाची उजळणी झाली, ते खरं. पण त्या अकरा दिवसांत मी एकाही माणसाला शिकवलं नाही आणि मला शिकवताना कोणी पाहिलं नाही. पुढे वरूडला नर्सिंग केलेल्या मुलींचा वर्ग घेतला तेव्हा पहिल्याच दिवशी मी तुमच्यासारखीच अडकले.

त्यामुळे ताई, कुठल्याही कोर्सला एकच प्रश्न विचारा: "मला शिकवताना कोण बघणार?" उत्तर नसेल तर पैसे देऊ नका.

चौतीस_वर्षं_खडू

माझं मत वेगळं आहे. मी जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त झालो. शिकवणं हे शिकवणंच असतं. लहान काय, मोठे काय, तयारी करून गेलं आणि प्रेमाने शिकवलं की माणूस शिकतो. पळसफूल मॅडमकडे बी.एड. आहे, नऊ वर्षांचा अनुभव आहे. त्यांनी स्वतःला कमी समजू नये. एका मावशी आल्या नाहीत म्हणून लाखाचा कोर्स करणं मला पटत नाही.

खिडकीतली_जागा

सर, लाखाचा करा असं मीही म्हणत नाही. पण मोठे आणि लहान एकच, हे मात्र मान्य नाही. अमेरिकेतल्या माल्कम नोल्स यांनी १९७० च्या दशकात प्रौढांच्या शिकण्यावर बरंच लिहिलं. त्यांचं मुख्य म्हणणं असं, की मोठ्या माणसाला 'हे कशासाठी?' याचं उत्तर आधी हवं असतं, त्याच्याकडे अनुभवाचा साठा असतो, आणि आज अडलेलं काम आज सुटावं म्हणून तो शिकतो. मुलाला "दहावीला उपयोगी पडेल" म्हटलं की चालतं. पन्नाशीच्या बाईला कुठली दहावी?

वऱ्हाडी_कास्तकार

'कशासाठी' वरून सांगतो. मी वर्षभर एका वर्गाले गेलो होतो, सर शिकवत 'दिस इज अ पेन'. पेन मले माहीत हाय. मले पाह्यजे होतं औषधाच्या डब्ब्यावर काय लिवलं हाय ते. २०१७ साली आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करता करता किती माणसं गेली, तुमाले सगळ्यायले आठवते. आमच्या शेजारच्या गावातला एक जण दवाखान्यात वीस दिवस होता.

मंग मीच एक दिवस रिकामा डब्बा धुऊन नेला वर्गात. सरायनं पूर्ण तास त्याच्यावर घेतला. चौकोनातला खालचा त्रिकोण लाल असला तं सगळ्यात जहरी, मंग पिवळा, मंग निळा, मंग हिरवा. लाल अन् पिवळ्यावर 'पॉयझन', निळ्यावर 'डेंजर', हिरव्यावर 'कॉशन'. तीन शब्द. त्या दिवसापासून एकही माणूस वर्ग बुडवत नव्हता. हिरवा त्रिकोण म्हणजे गोडं तेल नव्हे, हेही तवाच समजलं.

पळसफूल

दादा, अंगावर काटा आला. मी नऊ वर्षं 'दिस इज अ पेन'च्या पुढची-मागची वाक्यं शिकवते आहे आणि माझ्या घरच्या कोठ्यात असे सात-आठ डबे पडले आहेत.

मराठी_आधी

विषयाला थोडा फाटा फोडतो. डब्यावरचं मराठीत मोठ्या अक्षरात छापा, ही मागणी करायला हवी की बायकांना इंग्रजी शिकवायला हवं? आपण लोकांना बदलायला निघालोय, कागद बदलायला नाही.

संत्र्याची_फोड

दोन्ही हवं. तुमची मागणी शंभर टक्के बरोबर आहे आणि मी त्यावर सही करेन. पण ती मान्य होईपर्यंत फवारणी थांबत नाही ना. शिवाय माझ्या वर्गातल्या मुलींना इंग्रजी फक्त डब्यासाठी नको होतं. एकीला मुंबईच्या दवाखान्यातल्या मुलाखतीला जायचं होतं. तिला "मराठी आधी" सांगणारी मी कोण?

मोहर्लीची_वाट

मी ताडोब्याच्या मोहर्ली गेटच्या बाजूच्या गावातला. आमच्या इथल्या काही गाईड मित्रांना मी दोन वर्षांपासून पावसाळ्यात शिकवतो, तेव्हा जंगलाचा आतला कोअर भाग बंद असतो आणि मुलं मोकळी असतात. मी शिक्षक नाही, बी.कॉम. आहे. पण एक सांगावंसं वाटतं.

हे लोक जंगलात माझे गुरू आहेत. चितळाने कॉल दिला की वाघ कोणत्या नाल्यातून येणार हे ते सांगतात आणि मला काही कळत नाही. मग वर्गात मी कुठल्या तोंडाने त्यांना लहान मुलासारखं वागवणार? म्हणून आमचा प्रत्येक तास त्यांच्या माहितीपासून सुरू होतो. आधी ते मला मराठीत शिकवतात, मग तीच गोष्ट आम्ही इंग्रजीत कशी सांगायची ते बघतो.

'हॅज' लावून होणारा काळ मला पुस्तकातून कधीच शिकवता आला नव्हता. एक दिवस एका गाईडनेच सोडवला. तो म्हणाला, "सर, वाघ गेला, पण पगमार्क वल्ला हाय. म्हंजे 'हॅज'." रस्त्यावर ताजा ठसा आहे, वाघ आत्ता दिसत नाही, पण त्याच्या जाण्याचा परिणाम आत्ता समोर आहे. 'द टायगर हॅज क्रॉस्ड द रोड.' आणि काल संध्याकाळी पाच वाजता गेला, वेळ सांगितली, की 'क्रॉस्ड'. ठसा दिसतो का? वेळ सांगितली का? या दोन प्रश्नांवर सगळे बरोबर उत्तर देतात.

खिडकीतली_जागा

दादा, तुम्ही बी.कॉम. असून जे करताय, त्याला आमच्या ट्यूटरने उभं राहून दाद दिली असती. ते दोन प्रश्न म्हणजेच सीसीक्यू.

जाऊन_राहिलो

'हॅज'ची गोष्ट निघाली म्हणून एक वऱ्हाडी चावी देतो. पुण्याकडे "मी जातो" यात दोन्ही अर्थ येतात, रोज जातो आणि आत्ता निघालोय. आपल्याकडे तसं नाही. "मी जातो" वेगळं आणि "मी जाऊन राहिलो" वेगळं. म्हणजे 'आय गो' आणि 'आय ॲम गोइंग' हा फरक आपल्या जिभेवर जन्मापासून आहे! 'पाणी येऊन राह्यलं', 'इट इज रेनिंग'. 'ती कापूस वेचून राह्यली', 'शी इज पिकिंग कॉटन'. शाळेत आम्हाला "असं गावंढळ बोलू नका" म्हणून छडी मिळायची आणि मग तासभर तोच काळ 'आहे-आहेस' लावून शिकवायचे.

उलटही चालतं. "मले माहीत होऊन राह्यलं" कोणी म्हणत नाही, म्हणून 'आय ॲम नोइंग' नाही. "मले दोन भाऊ असून राह्यले" म्हणत नाही, म्हणून 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' नाही.

चौतीस_वर्षं_खडू

सुंदर. पण "मले दिसून राह्यलं" आपण म्हणतो आणि इंग्रजीत 'आय ॲम सीइंग' चालत नाही, 'आय कॅन सी' म्हणावं लागतं. म्हणजे चावी सगळ्या कुलपांना लागत नाही. तरी माझ्या चौतीस वर्षांत हे मला सुचलं नाही, याची मनापासून खंत वाटली. मी स्वतः मुलांना त्या बोलीसाठी रागावलो आहे.

जाऊन_राहिलो

बरोबर सर, 'दिसून', 'समजून' तिथे चावी अडते. तेवढे चार-पाच शब्द भिंतीवर वेगळे लिहून ठेवतो.

धारणी_बसस्टँड

मेळघाटातून लिहितेय. सेल्टासारखाच ट्रिनिटी कॉलेज लंडनचा एक कोर्स आहे, सर्टटिसॉल. त्यात एक फार छान गोष्ट आहे: शिकाऊ शिक्षकाला एक पूर्ण अनोळखी भाषा थोडे तास शिकायला लावतात, तीही त्याच भाषेतून, आणि शिकताना आपलं काय झालं ते लिहून घेतात. हेतू हा की नवशिक्याच्या जागी बसल्यावर पोटात काय होतं ते कळावं.

माझ्याकडे कोर्सचे पैसे नव्हते. मी आमच्या अंगणवाडी ताईंना म्हटलं, मला आठवडाभर रोज अर्धा तास कोरकू शिकवा, मराठी एक शब्द बोलायचा नाही. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, मराठीशी तिचं काही नातं नाही. पहिल्या दिवशी ताईंनी तांब्या पुढे केला आणि म्हणाल्या, "डा". डा म्हणजे पाणी. एवढं कळलं. पुढचं वाक्य त्यांनी तीनदा म्हटलं आणि मला शब्द कुठे संपतो तेच ऐकू येईना. ताईंची सात वर्षांची मुलगी शेजारी बसून हसली. ती काही वाईट हसली नव्हती, पण माझे कान तापले आणि मला उठून जावंसं वाटलं.

पळसफूल, तुमच्या मावशींना काय झालं असेल ते मला त्या दिवसामुळे कळतं. तिसऱ्या दिवशी ताईंनी आपणहून एक केलं: मी चुकले की त्या "चूक" म्हणत नव्हत्या, फक्त तेच वाक्य बरोबर करून मला परत ऐकवत होत्या. मी त्यांच्यामागे म्हणायचे. चूक दुरुस्त झाली आणि कोणाला कळलंही नाही.

खिडकीतली_जागा

याला आमच्याकडे 'रीकास्ट' म्हणतात. आणि सगळ्या चुका लगेच दुरुस्त करायच्या नसतात. बोलणं चालू असेल तर वहीत टिपून ठेवायच्या आणि शेवटी नाव न घेता फळ्यावर चार वाक्यं लिहायची: "यातलं कोणतं बरोबर?" सगळे मिळून सुधारतात. कोणाची चूक होती ते ज्याचं त्यालाच माहीत.

दगडी_विहीर

कोर्सची माहिती राहूनच गेली, म्हणून लिहितो.

इग्नूचा 'सर्टिफिकेट इन टीचिंग ऑफ इंग्लिश' सहा महिन्यांचा आहे, दूरस्थ. नागपूरला त्यांचं प्रादेशिक केंद्र आहे. फी तुमच्या बजेटात आरामात बसेल. दुसरं म्हणजे हैदराबादची इफ्लू, म्हणजे इंग्लिश अँड फॉरेन लँग्वेजेस युनिव्हर्सिटी. १९५८ साली सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिश म्हणून सुरू झाली, इंग्रजीच्या शिक्षकांना घडवणं हेच तिचं मूळ काम, २००७ मध्ये केंद्रीय विद्यापीठ झालं. त्यांचा पीजीसीटीई, म्हणजे इंग्रजी शिकवण्याचा पदव्युत्तर सर्टिफिकेट कोर्स, दूरस्थ पद्धतीने करता येतो. एम.ए. असल्याने तुम्ही तिकडेही बघा. अर्ज भरण्याआधी दोन्हींच्या चालू वर्षाच्या माहितीपत्रकात पात्रता आणि तारखा पाहून घ्या.

मी इग्नूचा केला आहे. वाचायला मिळतं ते उत्तम आहे. ध्वनी कसे निघतात, ऐकण्याचा तास कसा बांधायचा, सगळं नीट मांडलंय. पण संत्र्याची_फोड यांचा प्रश्न तिथेही उरतोच: कोण बघणार? ते आपल्यालाच उभं करावं लागतं.

मोहर्लीची_वाट

आम्ही फोनवर रेकॉर्डिंग करतो. फोन शर्टाच्या खिशात ठेवायचा, एक तास. रात्री ऐकायचं आणि दोन रकाने करायचे, मी किती बोललो, ते किती बोलले. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तासभर माझाच आवाज होता.

तुरीची_शेंग

एक व्यवहाराची गोष्ट. ताई, तुमचा वर्ग दिवाळीनंतर सुरू झाला म्हणजे ऐन वेचणीत. दिवसभर ओटीत कापूस वेचून आलेली बाई, मग चूल, मग आठ वाजता वर्ग. बोटांना बोंडाचे काटे टोचलेले असतात, पेन धरवत नाही. मीही वेचते, म्हणून सांगते. त्या तीन आठवड्यांत जे गळले ते सगळे तुमच्या शिकवण्याने गळले असं समजू नका. वेचणीत लिहायला लावू नका, नुसतं बोला. पेरणीच्या पंधरा दिवसांत सुट्टीच द्या. आणि उशिरा येणाऱ्या बाईला "उशीर का?" विचारू नका, मागच्या बाजूने येता येईल असं दार उघडं ठेवा.

पळसफूल

चार दिवसांनी लिहितेय. सगळ्यांचं दोन-दोनदा वाचलं.

परवा मावशींच्या घरी गेले. सरळ म्हटलं, "मावशी, माझं चुकलं. सगळ्यांसमोर तसं म्हणायला नको होतं." त्या आधी चहा ठेवायला आत गेल्या, बऱ्याच वेळाने बाहेर आल्या. मग म्हणाल्या, "पण बाई, थो 'क' लिवला हाय तं वाचाचा काऊन नाई?" इतका खरा प्रश्न होता! मी सांगितलं की शेकडो वर्षांपूर्वी इंग्रज लोक तो 'क' खरंच उच्चारायचे. पुढे बोलण्यातून गेला, लिहिण्यात राहिला. मावशी एकदम हसल्या, "म्हंजे मी जुन्या लोकायसारखं वाचलं!" सून दारात उभी होती, तीही हसली. मग मावशींनी पेटीतून सिलिंडरचं पुस्तक, बँकेचा एक कागद आणि नातवाच्या औषधाची बाटली काढली आणि म्हणाल्या, "हे शिकवशील तं येतो."

काल नऊ जण होते. मी फक्त औषधाच्या बाटल्या ठेवल्या. 'आफ्टर फूड', 'बिफोर फूड', 'शेक वेल', 'एक्सपायरी'. 'शेक वेल'ला मावशींनी बाटली हलवून दाखवली, बाकीच्या बायकांनी रिकाम्या हाताने हलवली. मी किती बोलले? रेकॉर्डिंग ऐकलं, साठपैकी सव्वीस मिनिटं. अजून कमी करायचं आहे.

कोर्सचं असं ठरवलं आहे की इग्नूच्या पुढच्या सत्राला नाव घालते. लाखाचा नंतर बघू, दोन-तीन वर्षं पैसे साठवून. पण "कोण बघणार?" हा प्रश्न माझ्यापुढे अजून तसाच आहे. इथे आसपासचं कोणी आहे का, जे माझ्या वर्गात मागे बसून लिहून घेईल आणि मला खरं सांगेल?

चौतीस_वर्षं_खडू

मी यवतमाळला असतो. सुरुवातीला मी जे लिहिलं ते मागे घेतो. शिकवणं हे शिकवणंच, असं नाही. बोलावलंत तर येईन, मागे बसेन, मध्ये एक शब्द बोलणार नाही. खिडकीतली_जागा मॅडम, तुमचे ट्यूटर काय काय लिहून घेत, तो कागद कसा असतो, तेवढं मला सांगा.

खिडकीतली_जागा

सर, आजच पाठवते. डावीकडे वेळ, मध्ये शिक्षक काय करतो, उजवीकडे विद्यार्थी काय करतात. उजवा रकाना आधी भरायचा.

वऱ्हाडी_कास्तकार

सर, रात्री नवानंतर दारव्ह्याहून परत जाले गाडी भेटत नाई. मुक्कामाले आमच्या घरी येजा. गाव तिथून चार किलोमीटर, मी मोटरसायकल घेऊन येतो. अन् ताई, मलेई बसू द्या एक दिवस, डब्बा घेऊन येतो.

पळसफूल

दोघंही या. मंगळवारी बाजार असतो, बुधवारी या. दार मागच्या बाजूने उघडं असेल.